सात वर्षांच्या मुलीला आजी-आजोबांबरोबर खेळता येईल असा, हात फिरवून खेळायचा टेनिसचा गेम घ्यावा का? त्यातून ती टेनिस शिकेल का?

घ्या. पण टेनिस शिकवायला म्हणून नको, आजी-आजोबांना नातीबरोबर खेळता यावं म्हणून घ्या. तुमचा हॉल दहा बाय बाराचा आहे आणि आजींचे गुडघे दुखतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरात अगदी हीच परिस्थिती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे निन्टेंडो स्विच हा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल (गेमचं यंत्र) आहे आणि त्यावर २०२२ साली आलेला 'स्विच स्पोर्ट्स' हा गेम. हा गेम २००६च्या 'वी स्पोर्ट्स'च्या वळणावर गेलेला आहे. त्या जुन्या गेमच्या आठ कोटींहून जास्त प्रती लोकांच्या घरात गेल्या, कारण बऱ्याच देशांत तो निन्टेंडोच्या 'वी' या जुन्या कन्सोलबरोबरच मिळायचा. दोन्हींतल्या टेनिसमध्ये पळायचं काम गेमच करतो. चेंडू आला की पडद्यावरचा खेळाडू आपोआप जागेवर पोचतो, तुम्ही फक्त फटका मारायचा. तुमच्या हाती राहतं ते टायमिंग. उजव्या हाताने फोरहँड मारताना हात थोडा लवकर फिरला तर चेंडू डावीकडे जातो, उशीर झाला तर उजवीकडे. त्यामुळे ज्याचे पाय थकलेत त्याचं काहीच अडत नाही.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. जन्मात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी पदर खोचला, जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा सुटा कंट्रोलर, हातात घेतला आणि नुसता हवेत हलवत राहिल्या. प्रत्येक चेंडू बाजूने निघून जात होता. मग माझी मुलगी म्हणाली, "आजी, टप्पा पडला की मार, आधी नको." चौथ्या-पाचव्या चेंडूला जमलं. तव्यावरची भाकरी परतताना मनगट जसं वळतं ना, तसंच त्या वळवत होत्या, आणि या गेमला तेवढंच पुरतं. आता संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या स्वतःच नातीला हाक मारतात. नात कोणाला तरी काही शिकवतेय आणि आजी मन लावून शिकतेय, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरेदी करताना एक नक्की बघा: स्विचचा 'स्विच लाइट' हा छोटा प्रकार घेऊ नका. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. साध्या स्विचच्या खोक्यात दोन जॉय-कॉन असतात, म्हणजे दोघांची सोय लगेच होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो सुरू करा. नाहीतर चित्र किंचित मागे पडतं, फटका चुकत राहतो आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. आमचे पहिले चार दिवस यातच गेले.

मनगटाची दोरी प्रत्येक वेळी घालायचीच. आमच्याकडे एकदा दोरी न घालता खेळ सुरू झाला, घामेजल्या हातातून जॉय-कॉन सुटला आणि शोकेसची काच गेली. हे सगळीकडेच होतं. वी बाजारात आला तेव्हा दोऱ्या इतक्या तुटल्या की डिसेंबर २००६मध्ये निन्टेंडोने त्या बदलून जाड दोऱ्या दिल्या होत्या.

आणि वेळेला मर्यादा हवी. स्पेनमधल्या एका २९ वर्षांच्या डॉक्टरचा खांदा वीवर कितीतरी तास टेनिस खेळून धरला होता. त्याने २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला तसं पत्रच लिहिलं. आम्ही एका वेळी अर्धा तास ठेवलाय, आणि सासूबाई सोफ्याच्या कडेला बसूनच खेळतात. बसून खेळलं तरी गेमला फरक पडत नाही.

आता टेनिस शिकण्याचं. जॉय-कॉन जेमतेम ५० ग्रॅमचा असतो, मोठ्यांची रॅकेट साधारण ३०० ग्रॅमची. इथे नुसत्या मनगटाच्या झटक्यावर गुण मिळतो. खऱ्या कोर्टावर पाय, कंबर आणि खांदा लागतो, आणि त्यातलं इथे काहीच होत नाही. टेनिसचे गुण मोजायची पद्धत, म्हणजे १५-३०-४० आणि ड्यूस (४०-४० बरोबरी), मात्र माझ्या मुलीला आठवड्यात पाठ झाली, आणि मग तिने स्वतःहून विचारलं, "खरं कोर्ट कुठे असतं?" तुमच्या मुलीने तसं विचारलं तर तिला लहान मुलांच्या मऊ चेंडूच्या वर्गाला घाला. गेम घरीच राहू द्या, आजी-आजोबांसाठी.