कमवा व शिका: ‘शिका’ कामाच्या आखणीतच बसवावं लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात कमवा व शिका योजनेत चाळीसेक मुलं आहेत. येतात, मस्टरवर सही करतात, सांगितलेलं काम करतात, महिन्याचे पैसे घेतात. वर्षअखेरीला ‘काय शिकलात?’ विचारलं की गप्प बसतात. समन्वयक म्हणून काय बदलावं?

व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर ठेवून हे सुटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी काम तेच राहतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची. त्या कामाला सुरुवात आणि शेवट होता. पेरलेलं उगवलं की नाही हे पेरणाऱ्यालाच दिसायचं. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या वाट्याला कामाचा तुकडा येतो: गठ्ठा इथून तिथे ने, झेरॉक्स आण, शिक्के मार. तुकड्यातली चूक कधी समोर येत नाही, म्हणून शिकणंही होत नाही. तेव्हा पहिलं पाऊल म्हणजे प्रत्येक मुलाला एक अख्खं काम नेमून द्या, लहान असलं तरी चालेल.

ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. ‘पुस्तकं लाव’ हे काम झालं नाही. ‘ही तीन रॅक तुझी, इथलं पुस्तक दोन मिनिटांत सापडलं पाहिजे’ हे काम झालं. पहिल्या आठवड्यात वर्गांक, म्हणजे पुस्तकावरचा विषयाचा क्रमांक, वाचायला शिकवा. नव्या मुलांची ठरलेली चूक दशांशात होते. 510.2 च्या आधी 510.15 यायला हवं, पण पंधरा दोनापेक्षा मोठे म्हणून मुलं ते नंतर लावतात. चूक दाखवून नुसतं पुस्तक हलवू नका, दशांश चिन्हानंतर एकेक आकडा तपासायला लावा. मग आठवड्यातून एकदा ग्रंथपालांनी कुठलेही दहा वर्गांक द्यावेत, मुलानं पुस्तकं काढून आणावीत आणि न सापडलेल्यांची कारणं वहीत लिहावीत: चुकीच्या रॅकवर, वाचकाकडे, बांधणीला, की हरवलेलं. महिन्याभरात ती वही बोलू लागते. मराठी साहित्याच्या 891.46 पाशीच सगळा घोळ होत असेल तर त्या रॅकवर पाट्या कमी आहेत, हे मूल स्वतः सांगतं. मग पाट्या त्यालाच करू द्या.

कार्यालयातलं सगळ्यात चांगलं काम माझ्या मते शिष्यवृत्ती मदत टेबलाचं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना अडचणी ठरावीक असतात: आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला जुना आहे. टेबलावर बसणाऱ्याला आधी दोन दिवस अनुभवी लिपिकाशेजारी बसवा. नंतर साधा तक्ता द्या: तारीख, अडचण, काय केलं, सुटली का. येणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं नाही. पंधरा दिवसांनी त्यातल्या पहिल्या तीन अडचणींवर एक पानी सूचना त्याच मुलाकडून लिहून घ्या आणि फलकावर लावा. नियम समजून घेणं, सोप्या मराठीत मांडणं, वैतागलेल्या माणसाशी नीट बोलणं, तिन्ही त्यात येतं. एक गोष्ट मात्र सक्तीची: दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी हातात घ्यायचा नाही, तो ज्याचा त्यानंच टाकायचा. परीक्षेचे गुण, उत्तरपत्रिका, जातीच्या दाखल्यांच्या फायली या मुलांच्या हाती देऊ नका.

प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापुरतं काम ठेवलं जातं. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला लॅब असिस्टंटच्या देखरेखीखाली द्रावणं करू द्या. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडसाठी लिटरला 4 ग्रॅम हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. ऑक्झॅलिक ॲसिडशी अनुमापन (टायट्रेशन) करून खरी तीव्रता काढावी लागते. ती, तारीख आणि आपलं नाव मुलानं लेबलवर लिहावं. एखाद्या बॅचची रीडिंग चुकली की बाटली कुणाची ते कळतं, आणि दुरुस्तीही त्याच्याकडूनच होते. तीव्र आम्ल त्याच्यावर सोपवू नका.

आता बोलण्याबद्दल. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात विद्यार्थी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयोवा ग्रो’ नावाची पद्धत आहे. देखरेख करणारा सत्रातून दोनदा मुलाशी थोडा वेळ बोलतो आणि चार गोष्टी विचारतो: हे काम तुझ्या अभ्यासासोबत कसं बसतंय, इथलं काय तुला वर्गात उपयोगी पडतं, वर्गातलं काय इथे वापरलंस, आणि इथलं काय पुढे तुझ्या व्यवसायात लागेल. कागद भरून घेतला तर सगळे एकच उत्तर उतरवतात, म्हणून हे तोंडी विचारा. पहिल्यांदा मूल ‘वेळ पाळायला शिकलो’ एवढंच म्हणेल. तिथे थांबू नका, ‘मागच्या आठवड्यातला एखादा प्रसंग सांग’ म्हणा. त्याच्या वहीतलं पान समोर ठेवलं की बोलणं सुरू होतं. या बोलण्याची पंधरा मिनिटं कामाच्या तासांत धरा आणि त्यांचे पैसे द्या. गरजेपोटी आलेल्या मुलाचा वेळ शिकण्याच्या नावाखाली फुकट घेणं अन्याय आहे.

योजना बहुतेक वेळा देखरेखीपाशी फसते. लिपिकाच्या टेबलावर आधीच ढीग असतो, त्याला मूल म्हणजे फुकटचा शिपाई वाटतो आणि चहा आणण्यापासून सुरुवात होते. म्हणून ज्या विभागात शिकवायला माणूस नाही तिथे मूल पाठवू नका, जागा रिकामी राहिली तरी चालेल. एका माणसाकडे चार-पाचांहून जास्त मुलं नकोत. मुलींना ग्रंथालय आणि मुलांना बाग, अशी वाटणी नकळत होते, ती यादी बघून मोडा. दर महिन्याला विभाग बदलणंही टाळा, कारण काम हाताशी येईपर्यंत महिना जातो. पहिलं सत्र एका जागी काढलं की दुसऱ्या सत्रात त्याच जागी नव्या मुलाला शिकवायची जबाबदारी द्या. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला काय नीट कळलेलं नाही ते लख्ख दिसतं.

वेळापत्रक प्रात्यक्षिकं आणि शेवटच्या एसटीची वेळ बघून आखा. दिवसाला दोन-तीन तास पुरेत. परीक्षेआधीचे पंधरा दिवस तास कमी करण्याची सोय आधीच लिहून ठेवा, नाहीतर मूल मागायला लाजतं. आणि मानधन ठरल्या तारखेला खात्यावर जमा झालंच पाहिजे. त्यावर मेसचं बिल अवलंबून असतं. पैसे दोन महिने अडकले की मुलाचं लक्ष कामावरून उडतं, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

प्रमाणपत्रावर ‘ग्रंथालयात समाधानकारक काम केले’ असं छापील वाक्य नको. ‘तीन रॅकची मांडणी सांभाळली, न सापडणाऱ्या पुस्तकांची कारणांसह नोंद ठेवली, दोन नव्या विद्यार्थ्यांना वर्गांक शिकवले’ असं लिहा. मजकुराचा कच्चा खर्डा मुलालाच करायला सांगा, मग ग्रंथपालांनी वहीशी पडताळून सही करावी.