शिंका, कॅप्सूल आणि न वापरलेला स्प्रे

प्रश्न : बारा महिने, रोज सकाळी उठलो की पंधरा-वीस शिंका. नाक पाण्यासारखं गळतं. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला होता. चार दिवस मारला, काही फरक नाही, म्हणून सोडला. मेहुण्यांनी व्हिटॅमिन ई आणि सीच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल सुचवल्या. ॲलर्जी मुळापासून जाते म्हणे. वडिलांनाही देतो, त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. किती महिने घ्याव्यात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी वडिलांचं. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यात ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस पडला की रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांची कॅप्सूल आजच थांबवा, हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.

आता तुमचं. मेहुणे अगदीच हवेत बोलत नाहीयेत. 2004 मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी मोसमी ॲलर्जीच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज 800 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिलं. नाकाचा त्रास थोडा उतरला, पण औषधं काही कमी झाली नाहीत. बारमाही ॲलर्जीवर मेक्सिकोत 400 युनिट देऊन पाहिलं. 2006 मध्ये निकाल छापून आला, फरक नाही. तुमची तक्रार बारमाहीच आहे. ‘मुळापासून’ वगैरे सोडाच. आणि क जीवनसत्त्वासाठी कॅप्सूल कशाला? एका पेरूत दिवसाची गरज भागते.

मला खरी हळहळ वाटते ती स्प्रेची. पेशंटला मी समोर बसवून स्प्रे मारायला लावते. बहुतेक जण मान मागे टाकतात, टोक नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखतात आणि तपकीर ओढल्यासारखं सर्रकन ओढतात. औषध घशात, तोंड कडू, नाक तसंच. मान किंचित खाली घाला. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात, उजवीसाठी डाव्या. टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. श्वास अलगद. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. चौथ्या दिवशी तुम्ही निकाल लावून मोकळे झालात! डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा.

पत्रात गादी-उशीबद्दल एक अक्षर नाही. शिंका उठल्या उठल्या येतात, म्हणजे माझा पहिला संशय तिथल्या धुळीतल्या माइटवर. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. अभ्रे, चादरी, पांघरुणं दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात ते नुसते अंघोळ करून येतात.