रशियात वेल्डरचं काम

प्रश्न : मुलगा भुसावळला आयटीआय करून वेल्डर झाला. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर रशियाला जाऊ दे, परमिट तिथं काढू. पाठवू का? (एक वाचक, यावल)

उत्तर : भाऊ, मुळीच नको! टुरिस्ट व्हिसावर तिथं काम करता येत नाही. आधी कंपनीचं निमंत्रण, मग वर्क व्हिसा. 'पेटंट' नावाचा परवाना फक्त व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या कामगारांना मिळतो, भारतीयांना नाही. एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या (परदेशी नोकरीसाठीचं भारत सरकारचं संकेतस्थळ) यादीत तपासा. रशियात शिरताना मिळणारं मायग्रेशन कार्ड पासपोर्टातच जपावं. रशियन करारावर भाषांतर वाचल्याशिवाय सही अजिबात नको. मदतनीस म्हणून नेलेली आपली पोरं अशाच कागदांवर सैन्यात ओढली गेली. 2024मध्ये काही जण युद्धात दगावलेसुद्धा.