पदवीला कमी मार्क आहेत. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या अर्जात ते कसं सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातून बी.कॉम. केलं, एकूण ५१ टक्के. पहिल्या वर्षी एका विषयात एटीकेटी, दुसऱ्या वर्षी दोन. दुसऱ्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला होता. आता अमेरिकेत जेडीला, म्हणजे तिथल्या वकिलीच्या पदवीला, अर्ज करायचाय आणि सगळं वडिलांच्या आजारपणावर टाकावं का, असं विचारताय.

सगळं टाकू नका. दुसरं वर्ष तेवढं टाका, कारण ते खरं आहे. पहिल्या वर्षी वडील धडधाकट होते. अर्ज वाचणारा तुमचं स्पष्टीकरण आणि गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवून बघतो. तारखा जुळल्या नाहीत की खऱ्या कारणावरचाही विश्वास उडतो.

मी हा अर्ज २०१६ साली भरला. माझी बी.एस्सी. ५३ टक्क्यांची. सोलापुरातच अशोक चौकाजवळ आमचे सहा माग होते, टॉवेलचे. पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा चार पानं झाली. सुताचे भाव, चार-पाच दिवसांनी एकदा येणारं नळाचं पाणी, घरात तेलुगू, शाळा मराठी आणि कॉलेज इंग्रजी, सगळं त्यात होतं. माझे मामा वकील आहेत. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "यातलं तिसऱ्या सेमिस्टरलाच काय झालं होतं?" मग मी पेन्सिल घेऊन एकेक ओळ खोडत गेले. शेवटी जे उरलं ते मराठीत साधारण असं:

"जून २०१३ ते मे २०१४ या काळात, तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला, माझे गुण ४४ टक्क्यांवर आले. मणक्याच्या दुखण्यामुळे वडिलांना उभं राहता येत नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. त्या वर्षी रात्री दहा ते सकाळी सहा घरचे यंत्रमाग मी सांभाळत होते. केमिस्ट्रीच्या एका पेपरात मी नापास झाले आणि पुढच्या परीक्षेत तो सोडवला. मे २०१४ मध्ये वडील कामावर परतले. पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला मला ६२ टक्के मिळाले."

यात कुठेही विनवणी नाही. पहिल्या वर्षाच्या ५४ टक्क्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, कारण सांगण्यासारखं कारणच नव्हतं. भाषेची गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटत होती, ती मी पर्सनल स्टेटमेंटमध्ये नेली. हे दोन कागद वेगळे ठेवा. मार्कांचं स्पष्टीकरण अॅडेंडम म्हणून स्वतंत्र जोडतात, त्याला अर्धं पान पुरे. पर्सनल स्टेटमेंटमध्ये तुम्ही कोण आहात ते येऊ द्या, तिथे मार्कांचं रडगाणं नको.

तुमच्या पहिल्या वर्षाचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही. अभ्यास केला नसेल, तर "पहिल्या वर्षी मी पुरेसा अभ्यास केला नाही" असं सरळ लिहा आणि पुढच्या ओळीत तिसऱ्या वर्षाचे गुण द्या. हे लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे. तरी ओढूनताणून आणलेल्या कारणापेक्षा हे वाक्य कितीतरी जड भरतं.

एटीकेटी म्हणजे काय हे तिकडे कुणाला कळणार नाही. एका ओळीत सांगा: राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर पुढच्या वर्गात प्रवेश. आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास असतो हेही लिहा, नाहीतर ५१ हा आकडा त्यांना नापासासारखा दिसेल. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरने स्वतःचा जीपीए काढून मात्र लिहू नका. अर्ज एलएसएसी या संस्थेमार्फत जातात आणि परदेशी पदवीला ते चारपैकी जीपीए देत नाहीत. गुणपत्रकाची तपासणी करून 'सुपीरियर', 'अबव्ह अॅव्हरेज', 'अॅव्हरेज' किंवा 'बिलो अॅव्हरेज' असा शेरा येतो. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते, म्हणून केगावला सोलापूर विद्यापीठात जाऊन आधी त्याचा अर्ज टाका.

अॅडेंडममुळे कमी मार्क भरून निघत नाहीत, ते फक्त समजतात. भरून काढायला एलसॅट, म्हणजे लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, आहे. स्कोअर १२० ते १८० मध्ये असतो. ऑगस्ट २०२४ पासून त्यातली कोडी, म्हणजे लॉजिक गेम्स, बंद झाली आहेत, तेव्हा जुनी पुस्तकं घेताना बघून घ्या. स्कोअर मनासारखा नसेल तर एक वर्ष थांबलेलं चालेल, घाईने अर्ज टाकू नका. शिफारसपत्र दुसऱ्या वर्षी शिकवणाऱ्या सरांकडून किंवा मॅडमकडून मिळालं तर उत्तम. त्या वर्षी तुम्ही वर्गात का दिसत नव्हता हे त्यांनी लिहिलं, तर तुमच्या अॅडेंडमला साक्षीदार मिळतो.

इथल्या तीन वर्षांच्या एलएलबीलाही अर्ज करणार असाल तर तिथे स्पष्टीकरणाला जागाच नसते. पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पुढची गुणवत्ता यादी सीईटीच्या मार्कांवर लागते.

एक काम पाठवण्याआधी नक्की करा. आजारपण वडिलांचं आहे, तेव्हा लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मी नान्नांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकेक वाक्य तेलुगूत सांगितलं होतं. ते माझ्या नापास होण्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "ऑपरेशन डिसेंबरात नाही झालं, दिवाळीनंतर लगेच झालं." आईने कपाटातून डिस्चार्ज कार्ड काढलं. नोव्हेंबरच होता. मी महिना दुरुस्त केला आणि मग अर्ज पाठवला.