'ग्रेट अमेरिकन डेझर्ट'ला वाळवंट म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या नकाशावर, आजच्या कोलोरॅडो, नेब्रास्का, कॅन्सासच्या बाजूला, 'ग्रेट अमेरिकन डेझर्ट' अशी ठळक अक्षरे आहेत. मराठीत त्याला 'वाळवंट' म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. आपल्या शब्दात वाळू आहेच. पंढरपूरला चंद्रभागेकाठी पसरलेली वाळू हेही वाळवंटच. 'डेझर्ट' मात्र 'टाकून दिलेले' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. त्या काळी इंग्रजीत झाडे नसलेल्या, रानटी वाटणाऱ्या मुलखालाही तो सर्रास लावत.

नकाशा मेजर स्टीफन लाँग यांच्या १८२०च्या मोहिमेचा. प्लॅट नदीच्या काठाने ते रॉकी पर्वतापर्यंत गेले आणि दक्षिणेकडच्या नद्यांच्या खोऱ्यांतून परतले. हा मुलूख शेतीला जवळजवळ पूर्णपणे निरुपयोगी, म्हणून शेतीवर जगणाऱ्यांना राहण्याजोगा नाही, असा त्यांचा शेरा होता. लाकूड नाही, पाणी थोडे: पूर्वेकडे जंगल तोडून शेती करणाऱ्यांच्या मापाने दिलेला हा निकाल. प्रत्यक्षात तिथे गवत होते आणि त्यावर चरणारे बायसनचे कळप. (त्यांना गवे म्हणू नये, गवा हा वेगळा प्राणी.) नेब्रास्कातल्या सँडहिल्स वाळूच्याच, पण त्यांवरही गवत आहे.

'निर्जन' तर साफ चुकीचे. शिकारीसाठी हिंडणाऱ्या टोळ्यांची नोंद त्याच नकाशावर आहे आणि वाटेत लाँग यांची तुकडी लूप नदीकाठच्या पॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या ज्या गावांत गेली, तिथले लोक मका पिकवत. 'ओसाड' म्हटले की वस्ती उठून गेल्यासारखे वाटते. 'माळरान' मला फार आवडतो, प्रेअरीसाठी, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानासाठी, तो चपखल आहे. पण त्यात लाँग यांचा शेरा हरवतो.

म्हणून मी 'वैराण' घेईन. फारसी 'वीरान'चे हे मराठी रूप. त्यात वाळू नाही, पण पाहणाऱ्याचे मत आहे, आणि नकाशावर नेमके तेच छापले होते. पुढे कॅन्सासमध्ये गहू उभा राहिला, हे वाक्य 'वाळवंटा'नंतर वाचले तर चमत्कार वाटतो. 'वैराण ठरवलेल्या मुलखात' म्हटले की ठरवणाऱ्याची चूक दिसते.

लेखात पहिल्यांदा मूळ नाव देवनागरीत द्यावे आणि पुढे 'वैराण मुलूख' वापरावे. अमेरिकेच्या नैऋत्येकडील मोहावीसारख्या प्रदेशाला मात्र खुशाल वाळवंट म्हणावे.