उसण भरली, आता कायमचं अधूपण येईल का?

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४१) शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. पाच आठवड्यांपूर्वी मोल्डिंग बॉक्स उचलताना कंबरेत उसण भरली. तेव्हापासून दिवसरात्र बेल्ट आणि बराच वेळ अंथरूण. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी फुगल्याचं आलंय. 'आता वाकायचं नाही' असं सगळे सांगतात. गल्लीतले एकजण अशाच दुखण्यानं घरी बसले, ते बसलेच. यांचंही तसंच होईल का?
— एक वाचक, शिरोली पुलाची

उत्तर : आधी हे विचारून घ्या. लघवी अडते किंवा नकळत होते का? जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटतं का? पायातली ताकद कमी होऊन चप्पल निसटते का? यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा दुसरं मोठं रुग्णालय गाठा. रोज संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी हवी.

यातलं काही नसेल, तर एमआरआयचा कागद कपाटात ठेवा. काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी जवळपास निम्म्यांत फुगलेली गादी दिसते. त्यामुळे कोण घरी बसणार हे त्या कागदावरून कळत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात : सुरुवातीलाच फार तीव्र दुखणं, गुडघ्याखाली पायात जाणारी कळ, आधी येऊन गेलेली अशीच दुखणी, उडालेली झोप, उदासपणा, बिडी-सिगारेट, कामावरची नाराजी. आणि 'हललो तर मोडेन' ही भीती. भीतीनं माणूस हलायचा थांबतो, न हलल्यानं स्नायू दुबळे होतात, मज्जातंतू आणि मेंदू जास्त संवेदनशील होतात. मग साधं मोरीत वाकलं तरी कळ येते आणि भीती खरी वाटू लागते. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की ते जुनाट धरतात, म्हणजे तुमच्या हातात अजून सात आठवडे आहेत.

दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवा. बेल्टची वेळ आठवडाभरात कमी करत पूर्ण काढा. घरापुढच्या सपाट रस्त्यावर दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं, दर दोन दिवसांनी प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटं वाढ. इथं बहुतेकजण चुकतात : बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालतात, दुसऱ्या दिवशी झोपून राहतात. चालणं घड्याळावर ठेवा, दुखण्यावर नको. थोडं दुखणं वाढून रात्रीपर्यंत खाली आलं तर काही बिघडलेलं नसतं. गोळ्याही डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला, थोडेच दिवस. गुंगी आणणाऱ्या ट्रामाडोलसारख्या गोळ्या लांबवू नयेत. तालमीतल्या वस्तादांकडून तेल लावून हलकं चोळून घेतलं तर हरकत नाही. पाठीवर पाय देऊन कडाकड मोडून घेणं मात्र नको.

कामाचा धागा तुटू देऊ नका, कारण सुट्टी जितकी लांबते तितकं परत जाणं अवघड होतं. पूर्ण बरं व्हायची वाट न पाहता सुपरवायझरशी आत्ताच बोला : पहिले दोन आठवडे अर्धी पाळी, बॉक्सऐवजी कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) तपासणी किंवा नोंदीचं काम. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कामावरची दुखापत मान्य झाली तर ९० टक्के. त्यासाठी अपघात रजिस्टरला नोंद आहे का बघा. पैशाची ओढाताण आणि मालकाशी भांडण यांनीही दुखणं चिकटतं.

घरच्यांनी दिवसातून दहादा 'दुखतंय का?' विचारू नये. पाण्याचा तांब्याही त्यांना स्वतः उठून घेऊ द्या.

प्रश्न : आईला (वय ६८) कालपासून नागीण उठलीय. नंतर महिनोन्‌महिने आग होते म्हणतात. टाळता येईल?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पन्नाशीपुढचं वय, सुरुवातीची तीव्र कळ आणि भरपूर पुरळ असेल तर धोका जास्त. मंत्र-लेपात वेळ घालवू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू व्हायला हव्यात. बहुधा असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांना तसं सांगा. या गोळ्यांनी नागीण लवकर आटोक्यात येते, पण नंतरची आग टळेलच असं नाही. दुखणं सुरुवातीपासूनच नीट दाबून ठेवा. पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर आजच नेत्रतज्ज्ञ गाठा.