उपाशीपोटीच्या साखरेचा चढता कल

प्रश्न : माझे वय 47 आहे. मी दर दोन वर्षांनी रक्ततपासणी करून घेतो. उपाशीपोटीची साखर आधी 86 होती, मग 91, त्यानंतर 97 आणि या वेळी 103 आली. पहिल्या तिन्ही अहवालांवर ‘सामान्य’ असा शेरा होता. माझ्या आईला मधुमेह होता. एवढ्याशा वाढीची दखल घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी. आपण जुने अहवाल जपून ठेवलेत हे फार चांगले केलेत, कारण एकट्या 103 या आकड्यापेक्षा हे चार आकडे ओळीने वाचले असता अधिक कळते. उपाशीपोटीची साखर प्रति डेसिलिटर 100 मिलिग्रॅमच्या खाली असल्यास सामान्य, 100 ते 125 असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि पुन्हा तपासूनही 126 किंवा अधिक आल्यास मधुमेह, असे बहुतेक डॉक्टर मानतात; जागतिक आरोग्य संघटना मात्र मधली पायरी 110 पासून धरते. या सीमा निर्णयाच्या सोयीसाठी आखलेल्या आहेत. धोका त्या सीमा गाठण्याआधीच हळूहळू वाढू लागलेला असतो.

साखर इतकी वर्षे मर्यादेत कशी राहते, हे समजून घेण्यासारखे आहे. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले की स्वादुपिंडातील बीटा पेशी अधिक इन्सुलिन तयार करून ती उणीव भरून काढतात, आणि हा जादा पुरवठा टिकतो तोवर अहवालात फारसे काही दिसत नाही. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल 2’ या दीर्घकालीन पाहणीचे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याला दुजोरा देतात. पुढे ज्यांना मधुमेह झाला, त्यांची उपाशीपोटीची साखर अनेक वर्षे संथपणे वाढत होती आणि निदानाच्या सुमारे तीन वर्षे आधी ती झपाट्याने चढू लागली. बीटा पेशींची वाढीव धावपळही त्याच सुमारास ओसरू लागली होती. आपण त्या टप्प्यावर आहात असे या चार आकड्यांवरून म्हणता येणार नाही, परंतु संथ चढ दिसत असतानाच उपाय करणे शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे.

अपुरी झोप, आजारपण किंवा स्टिरॉइडसारखे औषध यांमुळेही साखर तात्पुरती वाढते, म्हणून आधी ही तपासणी पुन्हा करावी आणि सोबत एचबीएवनसी ही रक्तचाचणी करावी. त्यातून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते, 5.7 ते 6.4 टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था समजली जाते. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

अमेरिकेतील 2002 च्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील, वजन जास्त असलेल्या व्यक्तींना वजन किमान 7 टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे वेगाने चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेणाऱ्यांत ही घट 31 टक्के होती. आपले वजन आपण कळवलेले नाही. ते जास्त असल्यास सुरुवात तिथूनच करावी, नसल्यास व्यायाम तरी आजपासून नियमित ठेवावा.

आईला मधुमेह असल्याने आपला धोका मुळातच अधिक आहे. म्हणून यापुढे दोन वर्षांचे अंतर न ठेवता दरवर्षी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. फार तहान लागणे, वारंवार लघवी होणे किंवा कारण नसताना वजन उतरणे असे काही जाणवल्यास मात्र वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये.